हातभट्टी आणि लघुमद्यशाला : हिंगोली परिसरातील किण्वपेयांविषयी एक टिपण

‘दारू’ हा शब्द मूळचा फार्सी असून त्याचा अर्थ औषध असा आहे. मराठीत तो बंदुकीच्या दारूलाही लागला आणि पेयालाही. पेयाच्या बाबतीत तर त्याने इतकी व्याप्ती घेतली, की शिंदीची ताडी, मोहाचा अर्क, कारखान्यातील देशी मद्य आणि बाटलीतील बिअर या चारही सर्वस्वी भिन्न वस्तू आज आपण एकाच नावाने ओळखतो. ज्या भाषेत भाकरीच्या पिठाच्या पोतालाही वेगवेगळे शब्द आहेत, तीत ही एकरूपता कोठून आली, असा प्रश्न अभ्यासकाला पडावयास हवा. प्रस्तुत टिपणात त्याचा शोध हिंगोली परिसराच्या संदर्भात घेतला आहे. या एकरूपतेचे मूळ लोकांच्या रुचीत फारसे नसून ते मुख्यतः महसुलाच्या हिशेबात आहे, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. धान्य, फूल वा फळ पाण्यात आंबवून जे सिद्ध होते ते किण्वित पेय. ते सौम्य असते व फार दिवस टिकत नाही. तेच पेय तापवून त्याची वाफ थंड करून घेतली म्हणजे ऊर्ध्वपातित मद्य होते. ते तीव्र असते, टिकते आणि दूरवर नेता येते. बिअर पहिल्या वर्गातील, मोहाची दारू दुसऱ्या. या एका फरकावर पुढील सारा इतिहास उभा आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या संपादनामुळे ते मराठी अभ्यासकांना सहज उपलब्ध आहे. ग्रंथाच्या काळाविषयी मतभेद आहेत. पण आपल्या प्रयोजनापुरता तो वाद बाजूस ठेवता येईल. मेदक नावाच्या पेयाची कृती तेथे मापांसह दिली आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. द्रोणाचे सोळा प्रस्थ होतात व अर्ध्या आढकाचे दोन, म्हणजे पाणी तांदुळाच्या आठपट झाले. किण्व हे उडीद व तांदूळ यांपासून केलेले विरजण असल्याने धान्याचा अंश थोडा वाढतो; तरीही हे पेय पातळ व सौम्य असणार, यात शंका नाही. ऊर्ध्वपातनाची कृती या प्रकरणात वर्णिलेली नाही. आजच्या परिभाषेत बोलायचे तर मेदक ही तांदुळाची बिअर होय.

याहून महत्त्वाचे आहे ते या प्रकरणातील शासनविषयक धोरण. सुरेचा व्यवहार राज्याच्या देखरेखीखाली असला, तरी कुटुंबवत्सल गृहस्थांना कृत्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्यनिर्मितीची सवलत आहे. राजपण्याबाहेर विक्री करणाऱ्यांकडून शेकडा पाच शुल्क घ्यावे, असे सांगितले आहे. किण्व व सुरा सिद्ध करण्याचे काम स्त्रिया व मुले यांनी करावे, असाही उल्लेख येतो. म्हणजे महसूल घेणारे, हेर नेमणारे, सर्व बाबतींत कठोर असे हे राज्यसुद्धा घरगुती आंबवणीला गुन्हा मानीत नव्हते. नागरिकाच्या प्रकरणात तर शौंडिक, पाक्वमांसिक व औदनिक, म्हणजे मद्यविक्रेता, शिजविलेले मांस विकणारा आणि भात विकणारा, ही नावे एका दमात येतात. पेय व अन्न यांची सोबत येथे गृहीतच धरलेली आहे. मद्यासोबत खावयाच्या तोंडीलावण्याला संस्कृतात ‘उपदंश’ असा स्वतंत्र शब्द आहे. आपला ‘चाखणा’ त्याचा दूरचा वारस.

दख्खनकडे वळले तर पुरावा विरळ असला तरी अनुकूल आहे. सातवाहनकालीन परंपरेशी जोडल्या जाणाऱ्या हालाच्या गाथासंग्रहात मोहाची झाडे व त्यांची फुले येतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात मदिरापानाला राजाच्या क्रीडांमध्ये स्थान आहे. हा राजदरबारचा व्यवहार झाला. सामान्य शेतकऱ्याची परंपरा शोधायची तर ग्रंथांपेक्षा मडक्यात पाहावे लागते. दक्षिण मराठवाड्यात वेळ अमावास्येला शेतात नेतात ती आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ व ताक यांचे आंबवलेले पेय. ती मादक नसते; तीत आंबटपणा येतो तो दुधाच्या विरजणातील जंतूंमुळे. तथापि धान्य, पाणी, मडके, एका रात्रीची ऊब आणि सोबत डाळी-शेंगांची भज्जी व बाजरीचे उंडे, ही सारी रचना किण्वपेयाच्या संस्कृतीचीच आहे. तिच्याकडे केवळ धार्मिक विधी म्हणून पाहण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याचे तालुके पाच : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत. कयाधूच्या खोऱ्यातील काळी जमीन ज्वारी, कापूस, हळद आणि अलीकडे सोयाबीन यांची. तर विदर्भाच्या सीमेकडील डोंगराळ पट्ट्यात आंध या आदिवासी समाजाची वस्ती आहे, तांडेही आहेत. मोह हा या सीमाभागाचा वृक्ष. त्याची फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात, बायका-मुले ती वेचतात, वाळवून साठवतात. वाळलेल्या फुलात साखरेचा अंश इतका असतो की ते खाद्यही ठरते आणि किण्वनाला स्वतःच सिद्ध असते. चार-सहा दिवस पाण्यात भिजवले की ते आंबते. पुढे मडक्यावर मडके ठेवून त्याचा अर्क काढतात. धान्याला मोड आणणे, ते दळणे, शिजवणे या खटाटोपाची येथे गरज नाही. या भागात ज्वारी विपुल असूनही तिची बिअर रूढ झालेली दिसत नाही, याचे एक कारण मोहाची ही सुलभता असावी, असा आमचा तर्क आहे.

हिंगोली ही एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये हे दल हिंदी सैन्यात विलीन झाले. छावणी म्हटली की बिअर आठवते. लंडनजवळच्या बो येथील हॉजसन आणि १८२० च्या दशकापासून बर्टनचे ऑलसॉप यांनी हिंदुस्थानसाठी खास हॉपयुक्त बिअर धाडली, ही कथा सुपरिचित आहे. पण कंटिंजंटमध्ये गोरे होते ते मूठभर अधिकारी, शिपाई हिंदीच. बिअरने येथे मूळ धरावे अशी परिस्थितीच नव्हती. म्हणून हिंगोलीच्या मद्यविषयक इतिहासात छावणीपेक्षा अबकारीला अधिक महत्त्व द्यावे लागते.

निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. तेलंगणात सेंदी, मराठवाड्यात मुख्यतः मोह. मद्य काढण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने गुत्तेदारास देणे ही त्या काळाची सर्वपरिचित पद्धत होती, आणि ‘गुत्तेदार’ हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत आजही कंत्राटदार या अर्थाने रुळलेला आहे. गुत्तेदाराने सरकारात ठोक रक्कम भरावयाची आणि आपल्या भट्टीतून ती वसूल करावयाची. या व्यवस्थेत घरोघरी होणारी आंबवणी ही गुत्तेदाराच्या हक्कावरील अतिक्रमण ठरते. पुढचा टप्पा मध्यवर्ती भट्टीचा. तेथे कर बसतो तो मद्याच्या तीव्रतेवर व मापावर. अशा हिशेबाला टिकाऊ, मोजता येणारा, पिंपात भरून पाठवता येणारा अर्क सोयीचा असतो, आणि दोन दिवसांत आंबट होणारे सौम्य पेय गैरसोयीचे. हैदराबादचा अबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे १९०६-०७ चा आहे. शेजारच्या मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने हाच मार्ग आधी आखला होता आणि १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांवरच स्वतंत्र कायदा झाला. झाडावरून गळणाऱ्या फुलाला परवान्याच्या कक्षेत आणणे ही घटना आपल्या आर्थिक इतिहासात जेवढी चर्चिली जावयास हवी तेवढी चर्चिली गेलेली नाही.

या काळात भाषेत जे घडले त्याची साक्ष ‘हातभट्टी’ हा शब्द देतो. त्याचा सरळ अर्थ हाताने चालविलेली भट्टी. हातमाग, हातकागद, हातसडी यांत ‘हात’ हा गौरवाचा आहे. हातभट्टीत मात्र तो अपराधाचा झाला.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा दारूबंदी अधिनियम १९५९ च्या विस्तारक अधिनियमाने या भागासही लागू झाला. दारूबंदीची नैतिक बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. महात्मा फुले यांनी १८८० मध्येच पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध केला होता, आणि त्यांच्यापुढे उद्ध्वस्त होणारी गरिबांची घरे होती. परंतु बंदी शिथिल झाली तेव्हा काय परत आले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९७३ च्या देशी मद्य नियमांनंतर खेड्यात जी ‘देशी’ आली ती साखर कारखान्याच्या मळीपासून केलेली होती. तिचा ना गावच्या ज्वारीशी संबंध, ना मोहाशी. देशी या शब्दातील देश येथे नेमका कोणता, हे सांगणे कठीण आहे.

ज्वारीकडे शासनाचे लक्ष गेले ते २००७ मध्ये. धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण त्या वर्षी आले व त्यावर अन्नधान्याच्या व व्यसनाच्या प्रश्नावरून तीव्र टीका झाली. ती टीका आम्हांस रास्त वाटते. मात्र तीत एक गोष्ट सुटली. द्राक्षांसाठी २००१ मध्ये वाइनचे स्वतंत्र धोरण झाले होते. ज्वारीच्या वाट्याला मात्र थेट मोठ्या कारखान्यातील तीव्र अर्क आला. धान्याचे लहान भांड्यातील सौम्य पेय ही शक्यता समर्थकांच्या मनात आली नाही आणि विरोधकांच्याही.

ती शक्यता २००९ मध्ये पुण्यात उगवली. ‘डूलॅली’ नावाची लघुमद्यशाला तेथे सुरू झाली. हे नाव देवळालीच्या लष्करी तळावरून इंग्रजी सोजिरांनी बनवलेल्या शब्दाचे आहे, ही मराठी वाचकाला गमतीची वाटेल अशी बाब. तेथील पेय तेथेच करून ताजे द्यावयाचे, हा या मद्यशालांचा विशेष. पुढे पुणे-मुंबईत त्यांची संख्या वाढली आणि कोकम, जांभूळ, भरडधान्ये यांचे प्रयोग होऊ लागले. ज्वारीची बिअर आफ्रिकेत पुरातन आहे. आपल्याकडे अडचण तंत्राची आहे. ज्वारीतील पिष्ट सातूपेक्षा अधिक तापमानाला शिजते, आणि मोड आलेल्या ज्वारीत त्या पिष्टाची साखर करणारी शक्ती सातूच्या मानाने कमी असते. म्हणून ज्वारी वेगळी शिजवून तिला सातूच्या मोडाची जोड द्यावी लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण दिले ते भाकरीसाठी, आंबवणीच्या दृष्टीने वाणांची पारख हा विषय त्या विद्यापीठाच्या दारातच आहे.

अन्नाच्या सोबतीचा प्रश्नही या मद्यशालांनी पुन्हा उपस्थित केला. हॉपच्या कडूपणाने मिरचीचा तिखटपणा अधिक झोंबतो, असा सामान्य अनुभव आहे. तेव्हा छावणीसाठी जन्मलेली कडू बिअर ठेचा-भाकरीला साजत नाही. याउलट गव्हाची सौम्य वा किंचित आंबट बिअर रश्श्याबरोबर जुळते. ज्याने आंबील व भज्जी एकत्र खाल्ली आहे त्याला हे कोणी शिकवावयास नको. मळीच्या अर्काबरोबर खारे शेंगदाणे तेवढे पुरतात, कारण तेथे पेय जेवणाची सोबत करीत नाही, जेवणाची जागा घेते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तीही बिअरमध्ये घालण्याची सूचना कोणी करील. तिच्यापासून ईश्वर आपले रक्षण करो.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन व वाहतुकीवरील निर्बंध उठविले. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोह व काजू यांपासूनच्या मद्याला ‘विदेशी मद्य’ या वर्गात घेण्याचा निर्णय केला, तो त्याला अधिक प्रतिष्ठा व बाजार मिळावा म्हणून. मोह विदेशी आणि मळी देशी, असा हा कोटिक्रम. त्याचा लाभ फुले वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोचेल की बाटलीबंद करणाऱ्यापाशी थांबेल, हे परवान्याच्या किमतीवर अवलंबून आहे. लहान भट्टीला परवडेल असा परवाना नसेल तर नवा गुत्तेदार येईल, एवढेच.

दुसऱ्या बाजूला २००८ च्या आदेशानुसार गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’च्या बाजूने कौल दिल्यास दुकान बंद होते, आणि ज्या गावांत असा कौल मागितला गेला तेथे बायकांचा राग खरा आहे. तो आंबवणीच्या परंपरेवरचा राग नव्हे. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलने, म्हणजे उद्योगातून आलेल्या रसायनाने. मोहाच्या मडक्याने नव्हे. तरीही वृत्तपत्रांतील मथळ्यांत शब्द तोच राहतो : हातभट्टी. कौटिल्याने श्वेतसुरा, मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु अशी निरनिराळी नावे नोंदविली, तेव्हा कोणते पेय घरात चालावे व कोणते नाही हे त्याला वेगवेगळे सांगता आले. मतपत्रिकेवर मात्र बाटली एकच आहे, उभी किंवा आडवी.