लागणारं नेट, बसलेलं नेट

शहापूर-मुरबाडकडे घरात इंटरनेट घेतल्याची बातमी आज अशी सांगतात: "वायफाय बसवलं." पंचवीस वर्षांपूर्वी याच तालुक्यांत ज्या थोड्या घरांत लँडलाइनशेजारी संगणक आला होता, तिथे ऐकू येई ते वेगळंच: "थांब, नेट लावतो." डायल-अप जाऊन ब्रॉडबँड आलं, म्हणजे एक नाव गेलं आणि दुसरं आलं, हे कोणाच्याही ध्यानात येतं. मला मात्र खरी उलथापालथ क्रियापदात दिसते. लावणं मागे पडलं आणि बसवणं आलं.

'लागणे' हे मराठीतलं फार कामाचं क्रियापद. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणं. 'लग्न' त्याच धातूचं, म्हणून लग्नही आपल्याकडे लागतंच. झाडाला फळ लागतं, माणसाला झोप लागते, तहान लागते, परीक्षेचा निकाल लागतो. मुरबाडच्या स्टँडवर कल्याणची गाडी लागते. टोकावड्यावरून पुढे निघालं की थोड्या वेळात माळशेज लागतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना येऊन भिडतात, पण ते भिडणं माणसाच्या हाती पूर्णपणे नसतं. 'लागणे'ची जोडी 'लावणे'शी; लावणं तेवढंच माणसाच्या हातात. म्हणून ट्रंक कॉलच्या काळापासून फोन 'लावला' जाई आणि मग तो 'लागे' किंवा 'लागत नसे'. लावला तरी लागेलच, याची हमी कुणी देत नव्हतं.

डायल-अप इंटरनेटला हीच जोडी आपोआप मिळाली, आणि ती अगदी चपखल होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते आधी मुंबईसारख्या महानगरांत. मुंबई आणि ठाणे शहराचे फोन महानगर टेलिफोन निगमकडे होते. कल्याणच्या पुढचा मुलूख दूरसंचार खात्याकडे आणि ऑक्टोबर २०००पासून भारत संचार निगमकडे. शहापूरचा ०२५२७ आणि मुरबाडचा ०२५२४ हे कोड ज्यांना पाठ आहेत, त्यांना १७२ने सुरू होणारा इंटरनेटचा नंबरही आठवत असेल. मोडेम तो नंबर फिरवी, पलीकडचा मोडेम उचली, आणि दोघे किंचाळत एकमेकांचा वेग ठरवत. ती किंचाळी म्हणजे आकड्यांचं आवाजात केलेलं रूपांतर होतं, कारण फोनची तार त्या वेळी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच, म्हणजे माणसाच्या बोलण्यापुरता पट्टा पुढे नेई. बोलण्याची जागा आकड्यांनी घेतली की बोलणं बंद. घरात नेट लागलेलं असेतो बाहेरून कुणाचा फोन लागत नसे.

'डायल' या शब्दाचं मूळ तर विलक्षण आहे. लॅटिनमधल्या 'दिएस', म्हणजे दिवस, या शब्दापासून तो निघाला. आधी उन्हावर वेळ दाखवणारी तबकडी, मग घड्याळाची तबकडी आणि शेवटी फोनवरची आकड्यांची तबकडी, अशी त्याची वाट. लॅटिन 'दिएस' आणि आपला 'दिवस' हे एकाच प्राचीन धातूतून आलेले भाऊबंद आहेत. म्हणजे डायलच्या पोटात पहिल्यापासून वेळ बसलेली होती, आणि डायल-अप विकलंही गेलं वेळेवरच: तासांची पाकिटं, शिवाय फोनच्या बिलात मिनिटांच्या हिशेबाने वाढणारे कॉल. मराठीने 'डायल करणे' घेतलं, पण सोबत स्वतःचं 'नंबर फिरवणे' ठेवलं. तबकडी जाऊन बटणं आली तरी पुष्कळ घरांत नंबर फिरवणं चालूच राहिलं.

'नेट' या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. इंग्रजीतल्या जाळ्याचा तो 'नेट' मराठीत येण्यापूर्वी आपल्याकडे एक नेट होताच: जोर, निकराचा प्रयत्न. 'नेटाने अभ्यास कर' हे आजही घरोघरी ऐकू येतं. मराठी कानाने दोघांत गल्लत होऊ दिली नाही. लिंग वेगळं ठेवलं. जोराचा तो नेट, इंटरनेटचं ते नेट.

मग ब्रॉडबँड आलं. केंद्राचं ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४चं. त्यात सेकंदाला किमान २५६ किलोबिट असेल त्यालाच ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरलं. भारत संचार निगमची 'डेटावन' सेवा १४ जानेवारी २००५ला सुरू झाली. ब्रॉड म्हणजे रुंद, पण किती रुंद म्हणजे रुंद, हे सरकारच पुन्हापुन्हा ठरवत आलं: २०१३मध्ये ५१२ किलोबिट, जानेवारी २०२३पासून २ मेगाबिट. शब्द तोच राहिला आणि त्याचं माप जवळपास आठपट झालं. घरी नवीन जोडणी घेणाऱ्याने विक्रेत्याच्या तोंडी हा शब्द ऐकला की आकडा विचारावा.

'बँड'चं कूळ आपल्याला परकं नाही. पट्टा, बांधायची पट्टी हा त्याचा मूळ अर्थ. ज्या प्राचीन धातूतून तो आला त्यातूनच संस्कृत 'बन्ध्', फारसी 'बंद' आणि आपले बांध, बंधारा, कमरबंद निघाले. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत ज्याच्यावरून माणसं ये-जा करतात तो बांध आणि टेबलावरच्या डब्यातला तो बँड, दोघे दूरचे नातेवाईक. संदेशवहनात बँड म्हणजे कंपनसंख्यांचा पट्टा. फोनच्या त्याच तांब्याच्या तारेत बोलणं खाली चार किलोहर्ट्झपर्यंत ठेवलं आणि आकड्यांना वर सुमारे पंचवीस किलोहर्ट्झपासून अकराशे किलोहर्ट्झपर्यंत रान मोकळं करून दिलं, की बोलणं आणि नेट एकाच वेळी चालतात. भिंतीवरची 'स्प्लिटर' नावाची छोटी डबी हीच वाटणी करते. आता नंबर फिरवायचा प्रश्नच नव्हता. मात्र वरच्या पट्ट्यातल्या लहरी तांब्यातून लवकर मंदावतात. एक्स्चेंजजवळच्या घराला हे नेट सहज मिळे. चार-पाच किलोमीटरवरच्या पाड्यात फोनची तार पोचलेली असली तरी ब्रॉडबँड मिळणं अवघड.

पण जिथे मिळालं तिथे भाषा बदलली. 'बसणे' हे जुन्या मराठीतलं 'बैसणे', संस्कृत 'उपविश्'पासून आलेलं. आपल्याकडे काय काय बसवतात ते पाहा: विजेचा मीटर, विहिरीवरची मोटर, नवरात्रात घट, भाद्रपदात गणपती. बसवलं की ते आपल्या घरचं झालं. रोज लावावं लागणारं नेट एकदा बसलं, आणि लागणं संपलं.

त्यानंतर त्याला तिसरी जोडी मिळाली, येणे-जाणेची. "नेट गेलं." "आलं का?" ही भाषा विजेची आणि पाण्याची. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यातली, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी 'आलं' आणि 'गेलं' या शब्दांना किती वजन असतं, हे सांगायला नको. 'लागत नाही' म्हणणारा दारात उभा राहून वाट पाहत असतो. 'गेलं' म्हणणारा आपल्या मालकीची वस्तू हरवल्याची तक्रार करतो. तो हक्काने बोलतो. डायल-अपकडून ब्रॉडबँडकडे येताना वेगाइतकाच हा हक्कही घरात आला, असं माझं ठाम मत आहे. आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या ज्या गावांत अजून फक्त मोबाईल आहे तिथलं क्रियापद वेगळंच आहे: रेंज 'पकडते'. २०२०मध्ये शाळा बंद असताना महाराष्ट्रभर मुलं टेकडीवर चढून रेंज पकडत होती. पकडावं लागतं ते निसटणारं असतं. त्याच्यावर हक्क सांगता येत नाही.

केंद्राने ऑक्टोबर २०११मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. राज्यातल्या तिच्या दुसऱ्या टप्प्याचं नाव महानेट. फायबर म्हणजे तंतू, इथे काचेचा. गंमत नव्हे, पण फारसीत 'तार' म्हणजेही धागाच. तीन तारांची ती सेह-तार, आपली सतार. धाग्याचा शब्द धातूच्या तारेला मिळाला, तिच्यावरून येणाऱ्या संदेशाला, म्हणजे टेलिग्रामला, मिळाला, तो संदेशही जुलै २०१३मध्ये बंद झाला, आणि आता पुन्हा धागाच आलाय. ग्रामपंचायतीपर्यंत तो येणं आणि घराघरांत तो बसणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, एवढं मात्र योजनेचे अहवाल लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मराठीने नावं घडवण्यात कष्ट घेतले. आंतरजाल, महाजाल, संकेतस्थळ ही त्याची उदाहरणं. संस्कृत काव्यात प्रेमी जनांनी आधी ठरवलेली भेटीची जागा ती संकेतस्थान. तो शब्द असा नव्या कामाला लावणाऱ्याचं कौतुकच वाटतं. क्रियापदं मात्र कुणी समिती बसवून ठरवली नाहीत. ती फोन, मीटर आणि नळ वापरणाऱ्या माणसांनी दिली, म्हणून कोशांतून सुटून जातात. कोशकारांनी इंटरनेटसारख्या प्रत्येक नव्या नामापुढे त्याची क्रियापदं नोंदवावीत, लिंगासकट. आणि वाचकांनो, तुमच्या गावात, पाड्यावर आज नेट लागतं, बसतं, येतं की पकडावं लागतं, ते गावाचं नाव आणि साल घालून लिहून ठेवा.