पेवातला कंदील

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण मोठ्या उदारपणे वापरतो. क्लासांचे पेव फुटते, पुढाऱ्यांचे फुटते, दिवाळी आली की अंकांचेही फुटते. पण खरेखुरे पेव डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता शोधावा लागेल. मी ते पाहिले आहे. माझे मामा सांगलीला हळदीच्या व्यापारात हमाल होते, आणि शाळेला सुट्टी लागली की मी साताऱ्याकडून थेट त्यांच्या खोलीवर जाऊन पडत असे.

सांगलीपासून थोड्या अंतरावर, कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात तिथे हरिपूर आहे. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे हे गाव. नाटकवेड्यांना ते देवलांमुळे ठाऊक, आणि हळदवाल्यांना पेवांमुळे. तिथली माती चिवट, पाणी सहसा आत झिरपू न देणारी. तिच्यात खोल खड्डा खणायचा, तोंड माणूस उतरेल एवढेच ठेवायचे, पोट मात्र मोठे. आत उकडून वाळवलेली हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. भाव चढेपर्यंत वर्ष जावो, दोन वर्षे जावोत, हळदीला कीड लागत नाही. पिढ्यान् पिढ्या हा धंदा असाच चालला.

पेव उघडले की लगेच कोणी उतरत नसे. तोंड मोकळे ठेवायचे आणि मग दोरीने कंदील आत सोडायचा. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कंदील पुरुषभर खाली गेला न गेला तोच ज्योत आखडली आणि विझली. मी हसलो. मामांनी माझा दंड धरून मला मागे ओढले.

“हसतोस काय? कंदील जगला तर मानूस जगंल.”

त्याच वर्षी एका पेवावर कोणी कंदील सोडलाच नाही. व्यापाऱ्याला माल घाईने हवा होता. त्याचे नाव मी सांगत नाही. सांगून आता उपयोगही नाही. मामांचा जोडीदार उतरला आणि आतून एक हाकसुद्धा आली नाही. मामा त्याच्यामागे उडी घ्यायला निघाले, तेव्हा चौघांनी त्यांना खाली पाडून धरून ठेवले. मामा त्या चौघांना शिव्या देत होते, आणि ते चौघे रडत होते. दोरीने बाहेर काढला तो देह हळदीने पिवळा झाला होता, एखाद्या नवरदेवासारखा.

पुढे मी मास्तर झालो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला थोडा जास्त शहाणा समजतात, एवढेच. विज्ञानाच्या पुस्तकात ‘ज्वलन’ हा धडा एकीकडे आणि ‘श्वसन’ हा दुसरीकडे. एक रसायनाचा, दुसरा जीवशास्त्राचा. कित्येक वर्षे मी ते दोन निरनिराळ्या महिन्यांत, निरनिराळ्या विषयांसारखे शिकवले. एकदा पेवाची गोष्ट वर्गात सांगितली आणि ‘जमिनीतून विषारी वायू येतो’ असे ठोकून दिले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, मग कंदिलाला विष कसं बाधलं?”

मला उत्तर आले नाही. ते शोधता शोधता मी जाऊन पोचलो अडीचशे वर्षांमागच्या युरोपात.

१७७१ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टलीने बंद भांड्यात मेणबत्ती विझू दिली. विझलेल्या त्या हवेत ज्योत पुन्हा पेटत नसे. पण तिच्यात पुदिन्याची फांदी ठेवली की काही दिवसांनी मेणबत्ती पुन्हा पेटे. म्हणजे हरिपूरच्या हमालांचाच कंदील की हा! १७७४ साली त्याने पाऱ्याची तांबडी राख भिंगाच्या उन्हाने तापवली आणि ज्वाला भडकवणारा वायू मिळवला. पॅरिसच्या लाव्हाझिएने पुढची पायरी गाठली. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने लाप्लासच्या मदतीने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात बसवला. बर्फ किती वितळला आणि प्राण्याने किती वायू सोडला ते मोजले, आणि कोळसा जळताना निघणाऱ्या उष्णतेशी ताडून पाहिले. हिशेब बराचसा जुळला. श्वास म्हणजे मंद जळणे! हे जळणे फुप्फुसात चालते असा त्याचा समज होता; ते शरीराच्या पेशीपेशीत चालते, हे नंतर उमगले. १७९४ साली क्रांतिकारकांनी याच लाव्हाझिएचे डोके उडवले.

या वायूचे ‘ऑक्सिजन’ हे नावही त्याचेच. अर्थ ‘आम्ल घडवणारा’. सगळ्या आम्लांत तो असतोच, या समजुतीने ठेवलेले नाव. आणि ती समजूत १८१० च्या सुमारास डेव्हीने खोटी ठरवली. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. आपल्याकडे त्याला ‘प्राणवायू’ म्हणणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. रसायनातला पदार्थ आणि जीवशास्त्रातले त्याचे काम त्याने एकाच शब्दात बांधून टाकले.

आता पेवात काय होते ते पाहा. तासगावच्या द्राक्षात जी साखर असते तिला द्राक्षशर्करा म्हणतात. तिच्या एका रेणूत कर्बाचे सहा, हायड्रोजनचे बारा आणि प्राणवायूचे सहा अणू. शरीरात तिला प्राणवायूचे सहा रेणू भेटले की कर्बद्विप्राणिदाचे सहा आणि पाण्याचे सहा रेणू होतात, आणि ऊब व शक्ती सुटते. माणूस असो, किडा असो, बुरशी असो, हिशेब हाच. हळद उकडलेली, म्हणजे मेलेली. ती श्वास घेत नाही. पण तिच्याबरोबर आत गेलेले किडे आणि बुरशी घेतात. बाहेरच्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो. पेवात तो घटत जातो आणि कर्बद्विप्राणिद साचतो. हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून तोंड उघडले तरी तळाशी बसून राहतो. किडे स्वतःच्याच श्वासाने मरतात. ज्या कारणाने हळद टिकते, त्याच कारणाने हमाल मरतो. कुठलेही विष जमिनीतून वर आलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या मुलीनेच मला शिकवली. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो आणि वर लिंबू पिळले की परत पिवळा, हे तिने आईच्या पदरावर पाहिले होते. हळद क्षार आणि आम्ल ओळखते. आपले रक्तही ओळखते. कर्बद्विप्राणिद पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल होते. रक्त किंचित जरी आम्लाकडे झुकले, तरी मेंदू श्वास वाढवायला लावतो. धावल्यावर धाप लागते त्यात याचाही वाटा असतो. पेवात उतरलेल्याला धाप लागते, पण ओढून घ्यायला हवाच नसते. कंदिलावरही पुरता भरवसा नसावा. ज्योत तगली तरी माणूस भोवळून पडू शकतो. हे मामांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले, हळद कुजली आणि तेव्हापासून माल गोदामांकडे वळला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मामांना ते वाचून दाखवले, तर त्यांनी विचारले, “हमालांचं काय लिवलंय का त्यात?”

त्यांचा कंदील अजून खुंटीला आहे. वसुबारसेला ते तो उतरवतात, राखेने काच घासतात, वात कापतात आणि पेटवून उंबऱ्यात ठेवतात. गेल्या वर्षी मी जवळ बसलो होतो. वाऱ्याने ज्योत आखडली, तशी मामांनी दोन्ही हातांनी काच धरली आणि ती सरळ होईपर्यंत सोडली नाही.