कुठे ठेवू? नाव काय देऊ?

शाळेच्या संगणक-कक्षात हा प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. एखादी मुलगी तासभर बसून प्रकल्पाचा अहवाल टाइप करते, ‘सेव्ह’ करते आणि घरी जाते. दुसऱ्या दिवशी अहवाल सापडत नाही. ‘‘बाई, मी खरंच सेव्ह केलं होतं!’’ असे ती काकुळतीने सांगते, आणि ते खरेही असते. अहवाल संगणकातच कुठेतरी असतो. काल पडद्यावर एक लहानशी चौकट उघडली होती आणि तिने दोन प्रश्न विचारले होते : कुठे ठेवू? नाव काय देऊ? त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चौकटीत आधीच भरलेली होती. मुलीने ती न वाचताच एन्टर दाबले होते.

ही उत्तरे आधीच कोण भरून ठेवतो? ती बदलण्याचा अधिकार कोणाचा? ह्या चौकटीचा इतिहास म्हणजे ह्याच प्रश्नाचा इतिहास आहे.

1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशी सामाईक चौकट नव्हतीच. प्रत्येक प्रोग्रामची रीत वेगळी. वर्डस्टारमध्ये कंट्रोल आणि के दाबून मग एस दाबायचे. लोटस 1-2-3 मध्ये तिरकी रेघ, एफ, एस असा क्रम. वर्डपरफेक्टमध्ये एफ-10 ही कळ. एक प्रोग्राम शिकलेला माणूस दुसऱ्यापुढे पुन्हा नवशिका होई. काय ठेवायचे ह्यापेक्षा कसे ठेवायचे हेच पाठ करण्यात त्याची शक्ती जाई.

हे बदलण्याचा ठळक प्रयत्न ॲपल कंपनीने केला. 1983 साली आलेल्या तिच्या ‘लिसा’ संगणकाच्या तयारीतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चौकटीतल्या बटणावर आधी ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असे शब्द होते. पण दोन शब्दांतले अंतर कमी होते आणि त्या अक्षरवळणात मोठा आय हा लहान एलसारखा दिसे. चाचणीला बसलेल्या एका माणसाने ते ‘डोल्ट’, म्हणजे ‘मठ्ठ’, असे वाचले आणि यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते म्हणून तो चिडला! त्यानंतर बटणावर ‘ओके’ आले. चौकटीतला एक शब्दही वापरणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहावा लागतो, हा ह्यातला धडा.

जानेवारी 1984 मध्ये मॅकिन्टॉश आला. त्यात सर्व प्रोग्रामांसाठी फाईल ठेवण्याची एकच चौकट होती. आज ती पाहिली तर नवल वाटेल, कारण तिच्यात फोल्डरांची यादीच नव्हती. नावाची जागा, चकतीचे नाव आणि चार बटणे : ठेवा, रद्द करा, चकती बाहेर काढा, दुसरा ड्राइव्ह दाखवा. असे का? त्या यंत्रात 400 केबीच्या फ्लॉपीचा एकच ड्राइव्ह होता. फोल्डर पडद्यावर दिसत, पण ते केवळ मांडणीपुरते. चकतीवर सगळ्या फाईली एकाच पातळीवर असत. म्हणून ‘कुठे’चे उत्तर एवढेच : कोणत्या चकतीवर? 1985 साली फोल्डरात फोल्डर खऱ्या अर्थाने ठेवणारी पद्धत आली. त्यानंतर चौकटीतही फोल्डरांतून वर-खाली फिरण्याची सोय करावी लागली.

येथे एक बारकावा लक्षात घेऊ. ही चौकट स्वतः फाईल ठेवत नाही! प्रोग्राम तिला बोलावतो तेव्हा सुचवायचे नाव देतो. चौकट आपल्याला विचारते आणि नाव व जागा प्रोग्रामला परत कळवते. चकतीवर लिहिण्याचे काम नंतर प्रोग्रामच करतो. शाळेच्या कार्यालयातला शिपाई ‘‘ही वही कुठे ठेवू?’’ असे विचारून उत्तर घेऊन जातो, तसेच काहीसे. मात्र हा शिपाई सर्वांना सारखेच प्रश्न विचारतो, हे महत्त्वाचे. एखाद्या प्रोग्रामला जास्तीचा प्रश्न विचारायचा असेल, तर चौकटीत स्वतःची बटणे घालण्याची वाट मॅकिन्टॉशने प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली होती.

विंडोजमध्ये अशी सामाईक चौकट 1992 साली, 3.1 ह्या आवृत्तीबरोबर आली. प्रोग्राम लिहिणारा आता सुरुवातीचा फोल्डर ठरवू शके, नावामागचे शेपूट ठरवू शके, फाईलींचे प्रकार गाळून दाखवू शके. ‘ह्या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का?’ हा इशारासुद्धा ही चौकट आपणहून देत नसे. प्रोग्रामने तशी सूचना दिली तरच देई. म्हणजे आपली जुनी फाईल वाचणे हे कोणा अनोळखी माणसाच्या सावधपणावर अवलंबून होते.

नावाची अडचण तर आपल्या अगदी जवळची. डॉसमध्ये आणि विंडोज 3.1 मध्ये नावाला आठ रोमन अक्षरे व शेपटाला तीन. ‘नववी अ सहामाही गुणपत्रक’ हे नाव त्यात बसवायचे कसे? मग कोणीतरी काहीतरी आद्याक्षरे जुळवी, आणि वर्षभराने ती त्याची त्यालाच उलगडत नसत. 1995 साली विंडोज 95 ने 255 अक्षरांपर्यंत नावे आणली. 2000 साली आलेल्या विंडोज 2000 मध्ये युनिकोडबरोबर देवनागरीची सोय होती, आणि त्या चौकटीत मराठी नाव मराठीतच लिहिता येऊ लागले.

त्याच विंडोज 2000 च्या चौकटीत डावीकडे पाच ठरावीक जागांची पट्टी आली. लिनक्सवरच्या ग्नोममध्ये 2004 साली नवी चौकट आली. ती सुरुवातीला लहानच दिसे : नाव आणि नेहमीच्या जागांची यादी. हवी तर ती मोठी करायची आणि आपले फोल्डर खुणा म्हणून यादीत जोडायचे. इतकी वर्षे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असलेली गोष्ट आता थोडीफार वापरणाऱ्याच्याही हाती आली.

दरम्यान प्रवाह उलटही वाहू लागला. 2007 च्या आयफोनमध्ये वापरणाऱ्याला फाईली दिसतच नव्हत्या. त्यासाठीचे ॲप 2017 साली आले. 2011 साली मॅकच्या ‘लायन’ आवृत्तीत संगणक आपणहून ठेवू लागला आणि ‘सेव्ह ॲज’ ही आज्ञा यादीतून गेली. तक्रारी झाल्या आणि पुढच्याच वर्षी ऑप्शन कळ दाबल्यावर ती पुन्हा दिसू लागली. आपोआप ठेवण्याने काम वाचते, ह्यात शंका नाही. पण ठेवलेले सापडण्यासाठी ते कुठे ठेवले हे कोणाला तरी माहीत असावे लागते. ते केवळ यंत्रालाच माहीत असेल, तर आपण दर वेळी यंत्राला विचारत बसतो.

म्हणून वर्गात एक करून पाहावे. प्रत्येक मुलाने एक फाईल ठेवावी आणि तिचे पूर्ण ठिकाण, म्हणजे ड्राइव्ह, फोल्डर, आतला फोल्डर आणि नाव, कागदावर लिहावे. मग कागद शेजाऱ्याला द्यावा आणि फाईल त्याने शोधावी. किती जणांना ती पहिल्या प्रयत्नात सापडते ते फळ्यावर मांडावे. त्यानंतर चौकटीत आपल्या वर्गाचा फोल्डर खूण म्हणून जोडावा आणि हाच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही आकड्यांतला फरक मुलांना आपण सांगण्याची गरज पडणार नाही. एन्टर दाबण्याआधी ती चौकट एकदा वाचायची असते, हे त्यांचे त्यांनाच कळेल.