आज्ञावलीची परीक्षा घेणारी आज्ञावली

४ जून १९९६ रोजी ‘एरियन ५’ हा युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, झेपावल्यानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. इंजिनात बिघाड नव्हता. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या संगणकाने नेमून दिलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. त्या जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या ठेवता येत नाही. ‘एरियन ४’वर बिनचूक चाललेली आज्ञावली अधिक वेगवान अग्निबाणासाठी तशीच वापरण्यात आली होती.

असे दोष केवळ चाचण्यांनी हाती लागतीलच असे नाही. ३२ बिटांच्या दोन संख्या स्वीकारणारी साधी आज्ञावली घेतली, तरी संख्यांच्या सर्व जोड्या सेकंदाला १०० कोटी या वेगाने तपासण्यास ५८० हून अधिक वर्षे लागतील. म्हणूनच संगणकाकडूनच तर्क करवून आज्ञावलीचा निर्दोषपणा सिद्ध करण्याची रीत पुढे आली. यंत्राने तर्क करणे हा कृत्रिम बुद्धिमत्तेतील आरंभीच्या प्रश्नांपैकी एक होय.

या क्षेत्रात पुण्याचे काम लक्षणीय आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये तेथे टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. तेथील संशोधकांनी तयार केलेल्या ‘व्हेरीअ‍ॅब्ज’ या साधनाने आज्ञावली-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ मध्ये ‘रीचसेफ्टी’ गटात पहिला क्रमांक पटकावला. दोषाच्या अवस्थेपर्यंत आज्ञावली कधी पोहोचू शकते का, हे या गटात तपासले जाते.

सर्व आज्ञावल्यांना लागू पडेल अशी एकच अचूक रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ मधील संशोधनातून निष्पन्न होते. त्यामुळे ‘व्हेरीअ‍ॅब्ज’ प्रथम आज्ञावलीची, विशेषतः तीत पुनःपुन्हा होणाऱ्या आवर्तनांची ठेवण पाहते आणि त्यानुसार डावपेच निवडते. लाखो आवर्तने एकेक करून न तपासता त्यांच्या जागी त्यांचा गोषवारा घेतला जातो. गोषवाऱ्यातही दोष संभवत नसेल, तर मूळ आज्ञावली निर्धोक ठरते. मात्र गोषवारा फार ढोबळ झाल्यास नसलेला दोषही दिसू लागतो. हीच या पद्धतीची खरी अडचण.

२०२१ मध्ये ‘गिटहब कोपायलट’ आल्यानंतर आज्ञावली लिहिण्याचे कामही यंत्राकडे जाऊ लागले. अशी साधने पूर्वी वाचलेल्या मजकुरावरून पुढील संभाव्य ओळ सुचवतात. ती बरोबर असल्याची हमी देत नाहीत. सुचवणे स्वस्त झाले, की पारखण्याचे मोल वाढते. वर्धा जिल्ह्यातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन पुणे-बंगळुरूची वाट धरणाऱ्या तरुणांनी ही बाब ध्यानात ठेवावी. केवळ आज्ञावली लिहिता येणे यापुढे पुरेसे ठरणार नाही. ती बरोबर का, हे सांगता येणे अधिक मोलाचे ठरेल.