मनोविकारांच्या उपचाराचा खर्च : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी येथे जमतो, ते आम्हांला इतिहास शिकवीत तेव्हा बखरींपेक्षा जमाखर्चाच्या वह्यांवर अधिक भर देत. पैसा कोणी दिला हे कळल्यावाचून घटना कळत नाही, असे त्यांचे मत होते. आजच्या विषयाकडे मी त्याच वाटेने आलो.

माझ्या थोरल्या काकांच्या वह्या आमच्या बेळगावच्या घरी आहेत. १९५४ पासून दर तिमाहीला त्यांत एक नोंद आढळते : ‘धारवाड, २२ रु.’ किराणा, शाळेची फी, देवाची वर्गणी यांचे तपशील काकांनी बारकाईने लिहिले आहेत. या नोंदीपुढे मात्र कारण नाही. धाकट्या आत्या तेथील मनोरुग्णालयात होत्या, हे मला महाविद्यालयात गेल्यावर समजले. आमच्याकडे ‘धारवाडला पाठवायला हवे’ हे वाक्य थट्टेत सर्रास वापरले जाई, आणि ते ऐकताच काका उठून आत का जात, याचा उलगडा तेव्हा झाला. बेळगाव व धारवाड हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते. त्यामुळे आमच्या भागातील कुटुंबांना धारवाडचीच वाट ठाऊक होती.

काका हे पैसे का भरीत, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १८५८ च्या कायद्यापाठोपाठ आलेल्या १९१२ च्या ‘इंडियन लुनसी ॲक्ट’मध्ये खर्चाविषयी एक स्वतंत्र प्रकरण होते. रुग्णाची मालमत्ता असेल तर तीतून, नसेल तर ज्याच्यावर त्याच्या पोषणाची कायदेशीर जबाबदारी आहे त्या नातलगाकडून खर्च वसूल करावा. कोणीच नसेल तर सरकारने सोसावा, असा तो क्रम. या कायद्याला रुग्णाच्या बरे होण्याची चिंता बेताचीच होती. त्याची मुख्य चिंता होती ती कोंडून ठेवण्याची आणि त्या खर्चाची. पैशाचे माप होते खाट. खाट अडली की खर्च सुरू, खाट सुटली की बंद. हा कायदा १ एप्रिल १९९३ रोजी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अंमलात येईपर्यंत चालू राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे खाटेची ही कल्पना आपल्या अंगी किती मुरली असेल याचा अंदाज येतो.

खाटा तरी किती होत्या? भोर समितीने १९४६ साली नोंदविले, की देशात किमान आठ लाख मनोरुग्णांची सोय हवी, आणि प्रत्यक्षात खाटा आहेत दहा हजारांच्या थोड्या वर. बाकीच्यांचा भार अर्थातच घरांनी वाहिला. पुढे १९५०च्या दशकात क्लोरप्रोमॅझिनसारखी औषधे आली आणि रुग्ण घरी राहून उपचार घेऊ शकेल अशी शक्यता निर्माण झाली. ही मोठीच सुधारणा होय. तथापि तिची एक बाजू फारशी कोणी बोलून दाखविली नाही. रुग्णालयाच्या भिंतीआड सरकारच्या नावे पडणारा खर्च रुग्णाबरोबर घरी आला. औषध, एस.टी.चे भाडे, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी हे सारे आता कुटुंबाच्या वहीत.

विम्याचे काय झाले? कामगार राज्य विमा योजना १९५२ मध्ये सुरू झाली. दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ देणाऱ्या तिच्या यादीत सायकोसिसचा समावेश आहे. कारखान्यातल्या कामगाराला जे मिळाले ते मध्यमवर्गीयाला मिळाले नाही, हा इतिहासातला एक दुर्मिळ उलटा न्याय म्हणावा लागेल. सर्वसाधारण विमा कंपन्यांची ‘मेडिक्लेम’ पॉलिसी १९८६ साली आली, आणि मानसिक विकार हे तिच्या वगळलेल्या बाबींत जाऊन बसले. ते तेथे तीन दशके बसून राहिले.

ही अवस्था बदलली ती २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. हा कायदा २९ मे २०१८ रोजी अंमलात आला. त्याच्या २१व्या कलमाच्या चौथ्या उपकलमानुसार प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजारासाठी जी तरतूद आहे, त्याच आधारावर मानसिक आजारासाठीही करावी. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रक काढले. तरीही दावे नाकारले जात राहिले. अखेर एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका रुग्णाच्या बाजूने निकाल दिला आणि कायदा अंमलात आल्यापासूनच ही तरतूद कंपन्यांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा दिला. त्यानंतरही ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधिकरणाला पुन्हा मुदत घालून द्यावी लागली!

आता ‘त्याच आधारावर’ या शब्दांकडे जरा थांबून पाहावे. भाषेच्या अध्यापकाला अशा शब्दांची खोड असते. आपल्याकडचा आरोग्यविमा शारीरिक आजारालासुद्धा प्रामुख्याने केव्हा पैसे देतो? रुग्ण चोवीस तास रुग्णालयात दाखल झाला तर. मनोपचार हा बहुतांशी बोलण्याचा उपचार. आठवड्याला एक तासाची बैठक, अशा पंधरा-वीस बैठका. रुग्ण रात्री आपल्या घरी झोपतो. म्हणजे समान आधार मिळाला, परंतु तो आधार खाटेचाच. माझ्या पुतण्याच्या मुलाने गतवर्षी अशा सोळा बैठका घेतल्या. पॉलिसी चालू, हप्ते वेळेवर, आजाराचे निदान लेखी. कंपनीचे उत्तर आले की रुग्ण दाखल झालेला नसल्याने दावा देय नाही. त्याला मी काकांची वही दाखविली. तो म्हणाला, “आजोबा, म्हणजे मी धारवाडला दाखल झालो असतो तर मिळाले असते?” मी काय सांगणार? बहुधा मिळाले असते.

बाह्यरुग्ण उपचारांचे जादा संरक्षण देणाऱ्या काही पॉलिसी आता निघाल्या आहेत. तिचा हप्ता भरण्यापूर्वी समुपदेशनाच्या बैठका त्यात येतात का, आणि किती रकमेपर्यंत, हे लेखी विचारून घ्यावे. कंपनीने दावा नाकारल्यास नकाराचे पत्र मागावे. विमा लोकपालाकडे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही, आणि कर्नाटकासाठीचे त्याचे कार्यालय बेंगळूरुला आहे.

ज्यांच्याजवळ पॉलिसीच नाही त्यांच्यासाठी याच कायद्याचे १८वे कलम अधिक मोलाचे आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस, हाती कार्ड असो वा नसो, मनोविकारावरील उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क त्यात आहे. ठरवून दिलेल्या किमान सेवा आपल्या जिल्ह्यात सरकारने उपलब्ध केल्या नसतील, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ बसावेत अशी योजना २०१४ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावरील टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मराठी-कन्नडसह अनेक भाषांत विनामूल्य सल्ला देते. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहावा, अशी माझी मुख्याध्यापिकाबाईंना विनंती आहे.

काकांच्या वहीतली धारवाडची शेवटची नोंद १९६१ सालची आहे. ती ५१ रुपयांची आहे, आणि तिच्यापुढे मात्र काकांनी कारण लिहिले आहे : ‘अंत्यविधी’.