आठ गावांचं पाणी प्यालेला बचावपटू

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात. आज लिहितोय ते दुसऱ्या हॉकीबद्दल, बर्फावर खेळतात त्या. आणि तिथल्याही एखाद्या तारांकित खेळाडूबद्दल नाही, तर रॉन हेन्सी नावाच्या एका बचावपटूबद्दल. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात काही वावगं नाही. आइस हॉकी आवडीने बघणाऱ्या पुष्कळांनीही ते २०१७ च्या जूनपर्यंत फारसं मनावर घेतलं नव्हतं.

मला खेळापेक्षा खेळाच्या आकडेवारीची पानं वाचायचा नाद आहे. त्या रकान्यांमध्ये माणसांची अख्खी आयुष्यं दडलेली असतात. हेन्सी मला तिथेच भेटला. त्याच्या नावापुढे शहरांची लांबलचक यादी आणि बाद फेरीच्या रकान्यात वर्षानुवर्षं काहीच नाही!

आधी थोडं खेळाबद्दल. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे गोलरक्षक धरून सहा जण असतात. त्यांतले दोन बचावपटू. खेळ इतका दमवणारा की चाळीस-पन्नास सेकंद जीव तोडून पळायचं आणि बाकावर येऊन बसायचं, तोवर दुसरी जोडी बर्फावर उतरते. बचावपटूचं काम म्हणजे समोरच्याला चांगली जागा मिळू न देणं, रबराची ती काळी चकती, म्हणजे पक, आपल्या हद्दीतून बाहेर काढणं, वेळ पडली तर तिच्या वाटेत स्वतःचं अंग घालणं. हे सगळं नीट झालं तर काय होतं? काहीच होत नाही. गोल होत नाही, टाळ्या पडत नाहीत, कुणाच्या लक्षातही राहत नाही. चुकलं की मात्र सगळ्यांना दिसतं.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळाची सर्वात मोठी स्पर्धा. तेव्हा तिच्यात ३० संघ होते. वर्षाला प्रत्येकी ८२ सामने आणि मग वरचे १६ संघ बाद फेरीत. म्हणजे निम्म्याहून जास्त संघ आत जायचे. त्यातून जो शेवटी उरतो त्याला स्टॅन्ली कप. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ साली दिलेला हा चषक. विजेत्या संघातल्या खेळाडूंची नावं त्याच्यावर कोरतात, म्हणून त्याचं एवढं अप्रूप.

हेन्सी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचा, जन्म १९८१ चा. २००० साली माँट्रियलने त्याला ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर घेतलं. तरुण खेळाडूंची संघांमध्ये रीतसर वाटणी होते तो हा ड्राफ्ट. तेरावा क्रमांक म्हणजे पोराकडून मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात माँट्रियलकडून तो जेमतेम तीसेक सामने खेळला. बाकीचा काळ गेला हॅमिल्टनच्या दुय्यम संघात. मधेच २००४-०५ साली मालक आणि खेळाडू यांच्यात पगारावरून इतकं बिनसलं की मालकांनी टाळेबंदी केली आणि अख्खा मोसम रद्द झाला.

नोव्हेंबर २००५ मध्ये माँट्रियलने त्याचं नाव वेव्हरवर टाकलं. वेव्हर म्हणजे काय, तर खेळाडूला खालच्या संघात पाठवण्याआधी त्याचं नाव सगळ्या संघांपुढे ठेवायचं. कुणाला हवा असेल तर त्याने घेऊन जावा, बदल्यात माँट्रियलला काही द्यायला नको. कोलंबसने हात वर केला आणि हेन्सी ओहायोला गेला.

इथून पुढची गंमत बघा. गंमत कसली म्हणा...

कोलंबस हा नवा संघ, २००० साली सुरू झालेला, बाद फेरी कधी न पाहिलेला. हेन्सी तिथे तीन मोसम खेळला, एकदाही जमलं नाही. २००८ च्या उन्हाळ्यात तो अटलांटाला गेला, आणि पुढच्याच मोसमात कोलंबस इतिहासात पहिल्यांदा बाद फेरीत पोचलं. अटलांटाची त्यांच्या इतिहासातली एकमेव बाद फेरी झाली होती २००७ मध्ये, म्हणजे हा जाण्याच्या वर्षभर आधी. अटलांटात पाच वर्षांचे २ कोटी २५ लाख डॉलर मिळाले, पण संघच तोट्यात. २०११ मध्ये तो विकला गेला आणि खेळाडूंसकट कॅनडात विनिपेगला हलवला गेला. आपल्याकडे सरकारी नोकराची बदली होते, इथे अख्खं ऑफिसच उचलून दुसऱ्या देशात नेलं! विनिपेगमध्ये दोन मोसम. विनिपेग बाद फेरीत गेलं २०१५ साली. तोवर हेन्सी नॉर्थ कॅरोलायनाच्या राली शहरात, कॅरोलायना हरिकेन्स संघात होता. हा संघ २००६ मध्ये चक्क विजेता होता आणि २००९ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. हेन्सी तिथे होता त्या चार वर्षांत त्यांना बाद फेरीचं तोंड दिसलं नाही. पुन्हा ते आत गेले २०१९ साली, हा गेल्यानंतर.

मी एकदा कागदावर हिशेब मांडला. २००५-०६ ते २०१५-१६ असे ११ मोसम. ३० पैकी १४ संघ बाहेर राहायचे. प्रत्येक मोसम म्हणजे नुसती नाणेफेक धरली, तर सलग अकरा वेळा बाहेर राहण्याची शक्यता साधारण साडेचार हजारांत एक येते. अर्थात संघ म्हणजे नाणं नव्हे. कमकुवत संघ बरीच वर्षं कमकुवतच राहतो. तरीही एवढं खरं, की हे सगळं त्याच्या हातात नव्हतं. सहा बचावपटूंपैकी एक, सामन्याच्या साठ मिनिटांतली वीस-बावीस मिनिटं बर्फावर. तो आपलं काम करत होता. काम बरं होतं म्हणून तर दरवेळी कुणीतरी त्याला घेत होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर उगाच कीव केल्यासारखं होईल. हा माणूस गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता. वर्षाला लाखो डॉलर कमावत होता. शिवाय तोंड मिटून बसणाराही नव्हता. २०१२ मध्ये मालकांनी पुन्हा टाळेबंदी केली तेव्हा खेळाडूंच्या संघटनेतर्फे वाटाघाटी करणाऱ्यांमध्ये तो होता. जानेवारी २०१३ मध्ये तडजोड झाली आणि ८२ ऐवजी ४८ सामन्यांचा मोसम झाला. त्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला, आणि सप्टेंबर उजाडला तरी त्याला कुठल्याही संघाने घेतलेलं नव्हतं. वय ३२. शेवटी कॅरोलायनाने एका वर्षापुरतं २० लाख डॉलरवर घेतलं. आधीच्या वर्षाला ४५ लाखांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी. त्याने मुकाट्याने सही केली आणि कामाला लागला.

मग आला फेब्रुवारी २०१७. पिट्सबर्ग म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता संघ, पण त्यांचे बचावपटू एकामागून एक जायबंदी होत होते. त्यांनी ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवड आणि एक दुय्यम फळीतला खेळाडू देऊन हेन्सीला घेतलं. लीगच्या रोजच्या व्यवहारातला हा एक किरकोळ सौदा. एप्रिलमध्ये त्यांचा सर्वोत्तम बचावपटू क्रिस लेटांग याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि तो मोसमातून बाद झाला. मदतीला म्हणून आणलेला ३६ वर्षांचा हा माणूस अचानक पहिल्या फळीत जाऊन बसला.

१२ एप्रिल २०१७ रोजी रॉन हेन्सी पहिल्यांदा बाद फेरीचा सामना खेळला. त्याआधी त्याचे साखळीतले ९०७ सामने झाले होते. बाद फेरीत पाऊल टाकण्यापूर्वी इतके सामने एनएचएलच्या इतिहासात कुणीच खेळलेलं नव्हतं. आणि त्या दिवशी समोर कोण होतं? कोलंबस!

पुढचे दोन महिने तो प्रत्येक सामना खेळला, सगळे २५. वॉशिंग्टनशी सात सामने, ओटावाशी सात. अंतिम फेरीत नॅशव्हिलशी पाचवा सामना ६-० असा जिंकला, त्यातला सहावा गोल हेन्सीचा. सहाव्या सामन्यात ११ जूनला, जेमतेम दीड मिनिट उरलं असताना पॅट्रिक हॉर्नक्विस्टने गोल केला, नंतर आणखी एक झाला आणि पिट्सबर्ग जिंकलं.

चषक आधी कर्णधाराच्या हातात देतात आणि तो पुढे ज्याला देतो त्याला मोठा मान असतो. २००१ मध्ये कोलोराडोच्या जो सॅकिकने तो स्वतः न उंचावता २२ मोसम वाट पाहिलेल्या रे बुर्ककडे दिला होता, ते चित्र तिकडच्या लोकांच्या मनावर कोरलेलं आहे. पण बुर्क हा या खेळातल्या थोरांपैकी एक. सिडनी क्रॉस्बीपुढे मात्र स्वतःच्या संघातले दिग्गज, जुने सोबती उभे होते. त्याने चषक दिला तो साडेतीन महिन्यांपूर्वी आलेल्या हेन्सीच्या हातात.

ही गोष्ट बहुतेक जण इथे संपवतात. सब्र का फल मीठा, कष्टाचं चीज झालं वगैरे. मला ते पटत नाही, आणि हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

समजा, हॉर्नक्विस्टचा तो फटका बाहेर गेला असता. समजा, लेटांगची मान धड असती आणि हेन्सी बाकावरच राहिला असता. किंवा कॅरोलायनाने त्याला सोडलंच नसतं. मग ते ९०७ सामने फुकट गेले असते का? अकरा वर्षं अडवलेले फटके, राली आणि विनिपेगच्या थंडगार रात्री ज्या त्याच्यामुळे हरल्या नाहीत, त्या सगळ्यांची किंमत जूनमधल्या एका रात्री ठरते का? चीज झालं असं म्हणताना आपण नकळत हेच म्हणत असतो, की ते होईपर्यंत ते सगळं बिनकामाचं होतं. ज्यांचं असं चीज झालंच नाही, त्या शेकडो खेळाडूंना मग आपण काय सांगणार?

माझ्या मते क्रॉस्बीला हे कळलं होतं. त्याने दिलेला मान कोऱ्या राहिलेल्या रकान्याची भरपाई म्हणून असेल, पण त्याहून जास्त तो आधीच्या भरलेल्या रकान्यांसाठी होता. सोबत खेळणाऱ्याला ते दिसतं, स्टँडमध्ये बसलेल्याला दिसत नाही.

हेन्सी नंतर दोन मोसम टोरोंटोकडून खेळला, एक ओटावाकडून. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने मोसम थांबला, ओटावा बाद फेरीच्या जवळपासही नव्हतं. एकूण १,१३२ सामन्यांनंतर त्याची कारकीर्द संपली. पुढे तो खेळाडूंच्या संघटनेत कामाला लागला आणि २०२३ मध्ये तिचा सहायक कार्यकारी संचालक झाला. ते मला शोभून दिसलं. ज्याने वेव्हर पाहिला, संघ विकला जाताना पाहिला, बेकार उन्हाळा पाहिला, त्याने करारांच्या टेबलाशी बसावं.

आता चषकावरच्या नावांबद्दल एक शेवटची गोष्ट. स्टॅन्ली कपच्या बुंध्याला रुंद पट्ट्या असतात, एकेका पट्टीवर तेरा वर्षं मावतात. सगळ्या भरल्या की सर्वात वरची, जुनी पट्टी काढून संग्रहालयात ठेवतात आणि खाली नवी बसवतात. २०१८ मध्ये अशी पट्टी निघाली तेव्हा मॉरिस रिशार आणि गॉर्डी हौ यांच्यासारख्यांची नावंही चषकावरून उतरली. हेन्सीचं नाव ज्या पट्टीवर आहे तिची सुरुवात २००४-०५ पासून होते, आणि त्या वर्षापुढे विजेत्याच्या जागी मोसम खेळला गेला नाही एवढंच कोरलेलं आहे. शेवटची नोंद २०१७ च्या पिट्सबर्गची. म्हणजे त्याचा वाट पाहण्याचा जवळजवळ सगळा काळ त्याच एका पट्टीवर आहे, दुसऱ्यांच्या नावांनी भरलेला.

हिशेब केला तर ही पट्टी साधारण २०७० च्या सुमारास निघेल. तोवर त्याचं नाव तिथे आहे. सामने मात्र झाले ते झाले, ते कुठल्याच पट्टीवर कधी नव्हते.