पोहण्याच्या पोशाखापलीकडचा ‘ब्रह्मचारी’

१९३८ साली अमेरिकेत आणि कोल्हापुरात, परस्परांशी काडीचाही संबंध नसताना, जवळपास एकाच कल्पनेवर दोन विनोदी चित्रपट पडद्यावर आले. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’त प्राचीन हाडांच्या अभ्यासात बुडालेला शास्त्रज्ञ एका अवखळ तरुणीच्या तावडीत सापडतो. हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’त औदुंबर ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावतो, नट्यांची चित्रे फेकून देतो, आचार्य चंडीरामांच्या संस्थेत दाखल होतो. मग त्याला किशोरी भेटते.

लेखन अत्र्यांचे; दिग्दर्शन आणि औदुंबर मास्टर विनायकांचा; किशोरी म्हणजे मीनाक्षी शिरोडकर.

आज हा चित्रपट आठवतो तो मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखासाठी. त्या दृश्याचे धाडस उमगण्यासाठी मात्र नाशिककडे वळावे लागते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला स्त्री मिळाली नाही, अण्णा साळुंके उभे राहिले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. तिथून ‘ब्रह्मचारी’पर्यंतचे अंतर अवघे २१ वर्षांचे. फाळक्यांचा अखेरचा ‘गंगावतरण’ही १९३७ साली कोल्हापूर सिनेटोननेच काढला. एकाच नगरीत, वर्षाच्या अंतराने, आधी गंगा स्वर्गातून उतरली आणि मग किशोरी पाण्यात उतरली!

तथापि सारे श्रेय पोशाखाला देणे हा किशोरीवर अन्याय होय. खळबळ लवकर विरते. टिकते ते पात्र. येथे पुढाकार तिचा आहे, पळापळ पुरुषाची. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून नीतिसंहितेची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली, म्हणून प्रणयाला भांडणाचे आणि धावपळीचे रूप घ्यावे लागले. स्क्रूबॉल विनोद बहरला तो त्या बंधनात. अत्र्यांपुढचा अडसर निराळा होता. ब्रिटिश सेन्सॉरची नजर मुख्यतः राजकीय मजकुरावर असे. सोवळेपण समाजाचे होते. त्या काळात ब्रह्मचर्य, व्यायाम आणि देशभक्ती एकाच सुतात ओवली जात. ऐन स्वातंत्र्यलढ्यात त्या सुतालाच हात घालणे सोपे नव्हते. अत्र्यांचा रोख संयमावर नाही. दुसऱ्याच्या भाषणाने तापून घेतलेल्या व्रतावर आहे. असे औदुंबर प्रत्येक पिढीत निपजतात, त्यामुळे विनोद शिळा होत नाही.

दोन्ही चित्रपटांचे नशीब मात्र उलटसुलट निघाले. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ला आरंभी फारसे यश लाभले नाही, त्याच वर्षी चित्रगृहमालकांच्या एका जाहिरातीने कॅथरिन हेपबर्नला गल्ल्याचे ‘विष’ ठरवले. पुढे तोच चित्रपट अभिजात मानला गेला. ‘ब्रह्मचारी’ तत्काळ गाजला आणि पुढे एका गाण्यापुरता उरला. ते गाणेही मीनाक्षीबाईंनी स्वतःच्याच गळ्याने गायिले होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते.